पेन्सिलीने ठरलेले लग्न

मी आयुष्यभर कोणते काम केले, हे माझ्या पत्नीने पाहुण्यांसाठी एका वाक्यात बसवले आहे. "हे कॉम्प्युटरमध्ये मागाहूनची कामं करतात." वाक्य अचूक आहे. इतक्या वर्षांत मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

बाहेरच्या वाचकासाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. तो एकदाच करतो. आपण फोनवर एखादे बटण दाबता, तेव्हा एक विनंती दूर कुठेतरी ठेवलेल्या यंत्राकडे जाते. त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर विनंती वाचतो, आपल्या वहीत नोंद करतो आणि उत्तर धाडतो. काम झाले असेल तर उत्तरासोबत दोनशे हा आकडा येतो. हे रुपये नव्हेत आणि गुणही नव्हेत. 'झाले' असे सांगण्याची ती आमच्या धंद्यातील रीत आहे. दोनशे आला की बटण दाबणाऱ्याचे काम संपते. माझे तिथून सुरू होते. आता कोणाकोणाला कळवायचे, कुठे घंटा वाजवायची, कोणत्या खोलीत कागद छापून बाहेर पडायचा, हे सगळे मागाहूनचे काम.

कचेरीत साहेब अर्जावर शिक्का मारतात आणि मग शिपाई त्याच्या नकला चार टेबलांवर पोचवतो. साहेबाचा प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ आहेत. मी शिपायाचा प्रोग्राम लिहिला. त्याची पथ्ये मोजकी आहेत. शिक्का बसण्यापूर्वी नक्कल हलता कामा नये. एखादी नक्कल पोचली नाही म्हणून शिक्का पुसायचा नाही. आणि एकच नक्कल एका टेबलावर दोनदा जाता कामा नये. ऐकायला सोपे वाटते. यातील प्रत्येक पथ्य मी आधी मोडले आणि मग शिकलो.

सोलापुरात सॉफ्टवेअर तयार होते, हे पुण्याच्या लोकांना अजून पटत नाही. आमची कचेरी भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर होती. गिऱ्हाइके गावातलीच: टॉवेलचे कारखाने, तपासणीच्या लॅब, लॉज, मंगल कार्यालये. खाली पातेले पडले की वर आमची बैठक थांबे. एरवी गैरसोय नव्हती.

एका टॉवेलच्या कारखान्याची मागणी अशी होती की ऑर्डर स्वीकारली गेली की पॅकिंग विभागात घंटा वाजावी. मी ती बसवली. 'वाजली' असे उलट कळवायला घंटेच्या पेटीला कधी उशीर होई. सर्व्हरला वाटे, निरोप पोचलाच नाही. तो पुन्हा धाडी. त्यामुळे घंटा कधी दोनदा वाजे, कधी तीनदा. चार महिने कोणी तक्रार केली नाही, यावरून काम उत्तम झाले असा निष्कर्ष मी काढला. पुढे दोष माझा मलाच सापडला. तो काढला. चौथ्या दिवशी पॅकिंगमधील तीन बायका माडी चढून वर आल्या.

"घंटा बिघडली साहेब," एक म्हणाली.

"बिघडली नाही. दुरुस्त झाली."

"तेच की. एकदा वाजली तर काम. दोनदा वाजली तर लई घाईचं काम. आन् तीनदा वाजली तर चहा. आमचं ठरलं हुतं. आता चार दिस झाले, चहाच न्हाय."

मी मालकांना विचारले. ते म्हणाले, "मला वाटलं, चहाची सोय तुम्हीच करून दिलीय." अखेर चहासाठी वेगळी घंटा बसवून द्यावी लागली. आपल्या चुकीवर लोकांनी काय काय उभारले आहे, ते पाहिल्याशिवाय चूक दुरुस्त करू नये, एवढा धडा मिळाला.

रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये वेळ नोंदवली की 'कृपया रिकाम्या पोटी यावे' असा निरोप जाई. यंत्रे दुरुस्त करणारा मेकॅनिकही त्याच यादीत वेळ नोंदवत असे. तो दोन वेळा सकाळपासून उपाशी येऊन यंत्राखाली शिरला. तिसऱ्या वेळी त्याने विचारले, "हे मशीन खोलायला उपाशी का लागतं?" लॅबमध्ये सगळे हसले. मीही हसलो. आपला निरोप कोणाला आणि नेमका कशावरून जातो आहे, हे न विचारण्याची माझी खोड त्याच वेळी मला दिसायला हवी होती. दिसली नाही. ती दिसली शालिनीबाईंच्या मंगल कार्यालयात.

शालिनीबाई हे कार्यालय सासऱ्यांच्या पश्चात एकट्या चालवत. साठीच्या, उंच, मोजके बोलणाऱ्या. आमचे जमत असे, कारण दोघांनाही गप्पांची आवड नव्हती. टेबलावर त्यांची लांबट लाल डायरी असे आणि डायरीच्या शिवणीला दोऱ्याने बांधलेली एक पेन्सिल. ही पेन्सिल मी पहिल्याच भेटीत पाहिली. ती कशासाठी आहे, हे विचारले नाही.

ती अशासाठी होती. कोणी फोनवर तारीख मागितली तर बाई नाव पेन्सिलीने लिहीत. ते नाव आठ दिवस टिके. आठ दिवसांत त्या घरचे माणूस नारळ घेऊन आले आणि त्याने तो टेबलावर ठेवला, की नाव शाईने गिरवले जाई. पैशाचे बोलणे त्यानंतर. नारळ देवाच्या फळीवर राही आणि लग्नाच्या सकाळी कार्यालयाच्या उंबऱ्यावर फुटे. नववा दिवस उजाडला आणि नारळ आला नाही, तर बाई खोडरबर घेत. सासऱ्यांच्या काळापासून ही पद्धत होती आणि तीत कधी घोटाळा झाला नव्हता.

मी बाईंच्या मॅनेजरला कॉम्प्युटरवर एकच बटण दिले: 'जतन करा'. डायरीत जे दिसेल ते मॅनेजर कॉम्प्युटरवर उतरवी आणि ते बटण दाबी. सर्व्हर नोंद करी आणि दोनशे धाडी. दोनशे आला की माझा शिपाई धावत सुटे: मंडपवाला, आचारी, फुलवाला आणि ज्यांचे कार्य ते घर, सर्वांना निरोप. घरच्यांना जाणारा मजकूर मीच लिहिला होता. 'आपले कार्य ठरले आहे. हार्दिक शुभेच्छा.'

दोनशेचा अर्थ एवढाच असतो की वही उघडली, नोंद केली, वही मिटली. नोंद पेन्सिलीने केली की शाईने, हे दोनशेला ठाऊक नसते. ते मला ठाऊक असायला हवे होते.

त्या दिवशी मी कार्यालयातच होतो. बाईंचा प्रिंटर महिन्यातून एकदा रुसत असे आणि त्याची समजूत काढण्यासाठी मला बोलावणे येई. नरसय्या आत आले. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर उभे राहून उमर काढलेला माणूस. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. डोक्याला टोपी, हातात हळदीकुंकू लावलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. एक पत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली.

"पहिली काल सिद्धेश्वराच्या पायापाशी ठेवली. दुसरी तुम्हाला. पोरीचं लग्न तुमच्या हॉलमधी, म्हणून आधी तुम्ही."

बाईंनी चष्मा लावला. पत्रिका वाचली. डायरी उघडली, पाने उलटली आणि एका पानावर बोट ठेवून थांबल्या.

"नरसय्या, तुम्ही नारळ आणला नव्हता."

"मेसेज आला की बाई. पोरीनं वाचून दाखवला. कार्य ठरलंय म्हणून. म्हटलं, ठरलंच हाय तर नारळ लग्नाच्या दिवशीच नेऊ. तिथंच फोडायचा असतो न्हवं?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्या पानावर नरसय्यांचे नाव खोडल्याची करडी खूण होती आणि त्यावर, शाईने, मोहोळच्या एका घराचे नाव. नारळ फळीवर आलेला होता.

प्रकार मला दोन मिनिटांत समजला. पेन्सिलीची नोंद मॅनेजरने जतन केली, निरोप गेला. निरोप गेल्यामुळेच नरसय्या नारळ घेऊन आले नाहीत. नारळ न आल्यामुळे बाईंनी नाव खोडले. मॅनेजरने ते कॉम्प्युटरवरूनही काढले. आणि नाव काढल्यावर कोणालाही काही कळवायचे, ही तजवीज मी केलीच नव्हती. ठरल्याचे सांगायला माझा शिपाई होता. मोडल्याचे सांगायला कोणी नव्हते.

तरी मोहोळकरांची नोंद झाल्यावर त्याच तारखेचा दुसरा निरोप गेला, तेव्हा मंडपवाल्याला शंका यायला हवी होती. मी तिथूनच रशीदभाईंना फोन लावला.

"रशीदभाई, या तारखेचे दोन निरोप आले होते का?"

"आए थे ना काका."

"मग विचारले का नाही?"

"आपका मेसेज दो-दो बार आताइच है. मैं समझा, वोईच है."

कारखान्यातील घंटेची चूक कारखान्यात दुरुस्त झाली होती. इथे ती तशीच होती, आणि रशीदभाईंनी तिची सवय करून घेतली होती.

नरसय्या ओरडले असते तर सोपे गेले असते. ते गठ्ठ्यातील पत्रिका एका रेषेत लावत बसले. "दुसरी तारीख..." असे मॅनेजर म्हणू लागला. बाईंनी त्याला हाताने थांबवले. देवापुढे ठेवलेली पत्रिका परत उचलत नाहीत, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. दुसरा हॉल मिळण्याजोगा नव्हता. त्या तारखेला गावातील प्रत्येक कार्यालयात कोणाचे तरी लग्न होते.

"मोहोळकरांना मी शाईने दिलंय," बाई म्हणाल्या. "शाई मी खोडत नाही. आणि एका दिवशी एकच कार्य, हा सासऱ्यांचा नियम."

नरसय्या उठले. मला म्हणाले, "सर, घरी मी काय सांगू? तुम्हीच चला."

मी गेलो. माझ्या निरोपांमागची माणसे मी तोपर्यंत पाहिली नव्हती. यादीत मला फक्त फोन नंबर दिसत. नरसय्यांचे घर दोन खोल्यांचे, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा माग चालू, त्यामुळे घरात सगळेच थोडे मोठ्याने बोलत. मुलीचे नाव पद्मा. ती बालवाडीत शिकवत असे. मी उभ्यानेच सगळे सांगितले. तिने फोन काढला, तो निरोप शोधला आणि माझ्यापुढे धरला. तिने तो जपून ठेवला होता.

"काका, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"मग तुम्हीच खरं करा की."

तिच्या आईने चहा आणला. मी तो घेतला. नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही असे वाटले.

बाईंना येऊन सांगितले की मी मोहोळला जातो. त्या म्हणाल्या, "जा. मोहोळचे आबा हलले तर सासऱ्यांचा नियम मी मोडीन. पण ते हलायचे नाहीत. त्यांचा मुहूर्त बारा-पस्तीसचा आहे, आणि ते घड्याळ समोर ठेवून चालणारे गृहस्थ आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मोहोळला उतरलो. आबा म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा. ओट्यावर बसून हरभरे निवडत होते. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि हरभऱ्यातील एक खडा बाहेर टाकला.

"म्हंजे मशीन चुकलं म्हणा की."

"मशीन चुकले नाही. मी चुकलो."

"आन् आमी काय चुकलो? नारळ घिऊन गेलो, शाईनं नाव लिवलं. ते पेन्शिलवाले, आमी शाईवाले. मग आमीच का हलायचं?"

"तुमचे काही चुकलेले नाही. म्हणूनच तुमच्याकडे आलो. चुकलेल्या माणसाकडे मागण्यासारखे काही नसते."

त्यांनी हरभऱ्यांवरून मान वर केली. "तुमी मास्तर हुता का पूर्वी?"

"नाही."

"बोलता तसंच." मग घराच्या दिशेने तोंड करून त्यांनी आवाज चढवला. "अगं, आयकलंस का? दुपारच्या जागी गोरज धरला तर काय व्हतंय?"

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "पयल्यापासनं त्येच म्हणत हुते. उनात जेवणं, लोकांचं हाल. पर हितं आयकतंय कोण? आता सोलापूरचा माणूस म्हणला म्हणून विचारताय व्हय?"

आबा हरभऱ्यांकडे वळले. ते हसत आहेत हे त्यांना मला दाखवायचे नव्हते.

गुरुजींना फोन झाला. गोरज मुहूर्त सहा-चौतीसला निघत होता. पत्रिका अजून छापायच्या होत्या, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. आबांनी दोन अटी घातल्या.

"हॉल धुऊन पायजे. आमची नातसून दुसऱ्याच्या अक्षतांवर पाय ठेवणार न्हाय. आन् दुसरं, हॉल मोकळा झाला ह्यो मेसेज तुमी सवता बघून धाडायचा. दारात हुबं राहून, डोळ्यानं बघून. त्याबिगर आमच्या गाड्या ढाब्यावरनं हलायच्या न्हाईत. उगं त्या पोरीच्या लगनात आमी जाऊन धडकायला नको."

अट माझ्या धंद्याची होती. आयुष्यभर मी ती कोणत्याही पुस्तकात इतक्या नीट शब्दांत वाचली नव्हती.

परत आलो. बाईंनी डायरी उघडली. मोहोळच्या नावाशेजारी नरसय्यांचे नाव शाईने लिहिले. त्यासाठी नरसय्या नारळ घेऊन आले होते, तेव्हा फळीवर आता दोन नारळ झाले. मग बाईंनी दोऱ्याची पेन्सिल उचलली आणि त्या दोन नावांखाली माझे आडनाव लिहिले. हिरेमठ.

"हे कशाला?" मी विचारले.

"नियम तुमच्या नावाने मोडलाय. शाईने गिरवायचं की खोडायचं, ते त्या दिवशी बघू."

पुढील आठवडाभर मी प्रोग्राम मुळातून बदलला. एका बटणाच्या जागी तीन केली: 'टिपले', 'ठरले', 'रद्द'. 'टिपले' दाबल्यावर कोणालाही काही जात नाही. फक्त घरच्यांना 'आठ दिवसांत नारळ घेऊन यावे' एवढे जाते. 'ठरले' दाबायला गेले की कॉम्प्युटर आधी विचारतो, नारळ आला का. 'रद्द' झाले तर ज्याला ज्याला कळवले होते, त्या प्रत्येकाला पुन्हा कळवले जाते. आणि प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणजे तोच निरोप दुसऱ्यांदा आला तर पलीकडचा फोन तो दाखवणारच नाही. रशीदभाईंना हे समजावून सांगितले. ते म्हणाले, "मतलब अब दो मेसेज आए तो दो शादी." मी म्हणालो, हो. त्यांनी ते भिंतीवर लिहून ठेवले.

लग्नाच्या दिवसासाठी एक खास बटण केले आणि ते फक्त माझ्या फोनवर ठेवले. 'हॉल मोकळा'. ते दाबले की सर्व्हरवर नोंद, दोनशे, आणि मागाहून तीन निरोप एकाच क्षणी: झाडणाऱ्या-धुणाऱ्या बायकांना, रशीदभाईंना, आणि ढाब्यावर थांबलेल्या आबांना. वेळ अडीचची ठरली. नोंदीत हॉल मोकळा पाहिल्याची वेळ टिपण्यासाठी एक रकाना ठेवला आणि उशीर झाल्यास कारण लिहिण्यासाठी दुसरा. बिनकारण उशीर मला खपत नाही.

नरसय्यांचा नारळ सकाळी आठ वाजता उंबऱ्यावर फुटला. दहा-सत्तावन्नला अक्षता पडल्या, मिनिटाचा फरक न होता. मी बारापासून दारात उभा होतो. दोन वाजता शेवटची पंगत उठायला हवी होती. परंतु तेलंगणातून आलेले एक मामा अशा शांतपणे जेवत होते की जणू त्यांना पुढच्या वर्षापर्यंतची सुट्टी होती. रशीदभाई त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"उठो ना मामू. कुर्सी को दूसरी शादी में जाना है."

मामांनी ताटाकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले. "कुर्सी जाने दे. मैं खड़े-खड़े खाता," म्हणाले, आणि खरोखर ताट हातात घेऊन उभे राहिले.

दोन-पंचवीसला आबांचा फोन आला. "साहेब, गाड्या चालू करून बसलोय. दाबा की."

"अजून माणसे आहेत."

"बरं. बरं. बघूनच दाबा."

दोन-एकतीसला हॉल मोकळा झाला. मी आत जाऊन पाहिले: स्टेज, स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या. कोणी नव्हते. जमिनीवर अक्षता, पाकळ्या, एक लहान चप्पल. धुणाऱ्या बायका बादल्या आणि झाडू घेऊन मागच्या दारी उभ्या होत्या, फोन हातात धरून. नियमाने आता बटण दाबायला हरकत नव्हती. बटणामागची अट पूर्ण झाली होती.

मी दारात आलो. बाहेर गाडीपाशी पद्माची पाठवणी चालली होती. आई रडत होती, नरसय्या मोटारीचे दार धरून उभे होते आणि ते सोडत नव्हते. पद्मा त्या सगळ्यांतून निघून माझ्यापुढे आली. तिला माझ्या हातातील फोन दिसला.

"काका, दाबलं का?"

"नाही अजून."

"दाबल्यावर लगेच झाडायला घेणार ना त्या?"

मी हो म्हणालो. मीच तसे लिहिले होते: एकाच क्षणी.

"माझी गाडी वळणापलीकडं गेल्यावर दाबा," ती म्हणाली. "माझ्या पाठीवर लगेच झाडू नको."

घरातून माणूस निघाल्या निघाल्या मागे केर काढत नाहीत. लहानपणी आमच्या आईने यावरून कामवालीला बोल लावलेले मी ऐकले आहेत. प्रोग्राम लिहिताना ते मला आठवले नव्हते.

ती गाडीत बसली. नरसय्यांनी दार सोडले. गाडी सुरू झाली, फाटकाबाहेर पडली आणि रस्त्यावर एका टेम्पोमागे अडकली. फोन थरथरत होता, आबा. मी तो घेतला नाही. टेम्पो पुढे सरकला. गाडी हळूहळू वळणापर्यंत गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. मी बटण दाबले. दोनशे आला. मागच्या दारी झाडू हलले, रशीदभाईंची माणसे आत शिरली आणि ढाब्यावर गाड्या सुटल्या.

बाकी सगळे ठरल्याप्रमाणे झाले. सव्वातीनला आबा उतरले तेव्हा फरशी ओली होती. त्यांच्या हातून दुसरा नारळ फुटला. मग ते वाकून कोपरे तपासत फिरले. उंबऱ्याच्या सांध्यात एक अक्षत राहिलेली त्यांना सापडली. ती त्यांनी उचलली, माझ्याकडे पाहिले आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. सहा-चौतीसला त्यांच्या घरचे लग्न लागले.

महिनाअखेरीस नोंदींचा कागद घेऊन बाईंकडे गेलो. दर महिन्याला जात असे. बाई कागद ओळीओळीने वाचतात, म्हणून मला त्या आवडतात. त्या तारखेवर त्यांचे बोट थांबले.

"हॉल मोकळा पाहिला, दोन-एकतीस. बटण दाबलं, दोन-चौतीस. कारणाचा रकाना कोरा."

"हो."

"तुम्ही कोरा सोडलात?"

"नेटवर्क नव्हते," मी म्हणालो. कामाच्या बाबतीत केलेले हे माझे एकमेव खोटे विधान.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांची खुर्ची खिडकीपाशी असते, आणि त्या खिडकीतून फाटक दिसते, वळणही दिसते. त्यांनी डायरी ओढून ते पान काढले, पेनाचे टोपण उघडले, आणि माझ्या आडनावाच्या पेन्सिलीवरून सावकाश शाई फिरवली.